आठव्या दिवशीचा पाहुणा

म्हातारेबुवा एका शब्दाचाही वाद न घालता निघून गेले, तेव्हाच मला खटकायला हवं होतं. धर्मप्रचारक असा जातो का कधी? मी प्रचारकाचीच मुलगी, मला नको कळायला? पण खटकलं ते क्षणभर. मग मी निवांत चहा प्यायला बसले. तो चहा मला केवढ्याला पडला, ऐका.

त्याचं असं झालं. बी. ए. होऊन मी धुळ्याला मुलींच्या शाळेत लागले आणि एका बेने इस्राएल कुटुंबात राहायला आले. घरमालक आबा टपाल खात्यातून निवृत्त झालेले, घर त्यांच्या बायकोच्या, अक्कांच्या हातात. ते यहुदी, आम्ही ख्रिस्ती. जळगावहून निघताना वडिलांनी बजावलं, "तिथे धर्मावरून वाद घालू नकोस. आणि आमचे एक नवे प्रचारक त्या बाजूला फिरतीवर आहेत, वयस्कर आहेत, तुझी विचारपूस करून जातील."

झालं. तेव्हापासून मला एकच धास्ती. ते येणार, यहुदी ज्याची अजून वाट बघतात तो मसीहा येऊन गेला हे आबांना पटवायला बसणार, आणि माझी ट्रंक रस्त्यावर. मी तशी मांजराने भांडं पाडलं तरी किंचाळणारी.

आबांना मात्र त्या वादाची भारी हौस. जेवताना हमखास विचारायचे, "मसीहा येऊन गेला म्हणतेस, मग लढाया का थांबल्या नाहीत? लोक उपाशी का झोपतात? बाकी सोड, पांझरेला वैशाखात पाणी का नाही?"

"तो पुन्हा येणार आहे, आबा. राहिलेलं तेव्हा होईल."

"म्हणजे तूसुद्धा वाटच बघतेयस. मग वाढ आणखी एक भाकरी. दोघं मिळून बघू."

तर आबांची लेक लिया बाळंतपणाला आली होती. मुलगा झाला. आठव्या दिवशी त्याची सुंता करायची, तीही सूर्य मावळायच्या आत. तो विधी करणारे हज्जान मुंबईहून यायचे होते, म्हणून आबा स्टेशनवर गेले. ओटीवर पांढरी चादर घातलेली एक खुर्ची मांडली होती. ती एलियाहू नबींची, म्हणजे जुन्या काळच्या प्रेषिताची. मसीहाच्या आधी ते येणार, आणि प्रत्येक सुंतेला हजर असतात, म्हणून ती रिकामी ठेवायची.

"कोणी बसणार नाही एवढं बघ गं," असं सांगून अक्का लियाबरोबर आत बाळाला न्हाऊ घालायला गेल्या.

आणि दारात पांढरी दाढी, लांब कोट, काखेत जाड पुस्तक.

"बाळाचं घर हेच ना? जरा पाणी ठेवायला सांगा."

पाणी! म्हणजे हे बाप्तिस्म्याच्या तयारीनेच आले होते. त्यांनी खुर्चीकडे पाहिलं आणि हसले. "मांडलीत वाटतं. येईल हो. वाट बघणाऱ्याकडे तो येतोच."

हुबेहूब वडिलांच्या प्रवचनातलं वाक्य. आता तुम्हीच सांगा, दुसरं कोणी असतं तर काय समजलं असतं?

"नाना, आज नको," मी कुजबुजले.

"आज नको? बाळाला बरं नाही का?"

"नाही." तोंडाला आलं ते मी बोलून गेले. "पिवळं पडलंय."

"अरेरे. मग आज हात लावायचाच नाही. नीट बरं झालं की कळवा." आणि गेले.

चहा संपतोय तोच आबा परतले. "हज्जान गाडीत नव्हते. सुरतेला काम आहे म्हणाले होते, ते उरकून तिकडच्या गाडीने नरडाण्याला उतरून मोटारीने आले म्हणावं, तर इथे पोचायला हवे होते."

"आबा," मी विचारलं, "त्यांना दाढी आहे का?"

"पांढरी. का?"

मी सांगितलं. आबा मटकन खाली बसले, देवाची कृपा म्हणून खुर्चीत नाही. अक्का बाळाला टॉवेलात गुंडाळून बाहेर आल्या. बाळ गुलाबी, ठणठणीत, जांभया देणारं.

"पोराचा आठवा दिवस एकदाच येतो गं," अक्का एवढंच म्हणाल्या.

मी पदर खोचला आणि धावत सुटले. मोटार स्टँडवर नरडाण्याची गाडी घरघरत उभी होती.

"हज्जान नाना!" कोणी वळलं नाही.

"गाडी बठ्ठी भरेल शे, ताई," ड्रायव्हर म्हणाला. "जागा नही."

"मला चढायचं नाही हो, एकाला उतरवायचंय." मी खिडक्या ठोठावत सुटले. "नाना, बाळ बरं आहे!"

गाडी हलली. मग मी लाज सोडली. अर्धा स्टँड माझ्या शाळेतल्या मुलींच्या पालकांनी भरला होता, तरी बेंबीच्या देठापासून ओरडले, "नाना, बाळाला काहीही झालेलं नाही! मी खोटं बोलले!"

गाडी थांबली. शेवटच्या खिडकीतून पांढरी दाढी बाहेर आली, आणि काळजीने विचारती झाली, "बाळ बरं असेल तर आत्ता येतो, बाई. पण तुमची तब्येत कशी आहे?"