बारा सोनेरी कप

“हे सोनं व्हय? मला तर काकवी वाटून राह्यली.”

शांताबाई भट्टीवाल्या दगडूमामांना म्हणत होत्या. मी रॅकच्या मागे कपांच्या कडा तपासत होते. बाटलीतलं लस्टर खरंच काकवीसारखं दिसत होतं, तपकिरी आणि चिकट. लस्टर म्हणजे तेलकट द्रवात विरघळवलेला धातू. झिलई चढलेल्या, भाजून तयार झालेल्या कपावर ते ब्रशने लावायचं आणि कप पुन्हा कमी आचेवर भाजायचा. तेल जळून जातं आणि वर सोनेरी थर उरतो. भट्टीतून निघेपर्यंत सोनं काही दिसत नाही.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. जालन्याच्या त्या कपबशांच्या कारखान्यात मला लागून तीन महिने झाले होते. डिझाईन असिस्टंट असं पद होतं. माझी शाळा इंग्लिश मीडियमची. माझ्या मराठीला एकदा सगळा शेड हसला, तेव्हापासून मी गरजेपुरतंच बोलायचे.

शांताबाई कपांवर रेघा मारायच्या. फिरत्या चाकावर कप ठेवून ब्रश नुसता टेकवायच्या, आणि रेघेचं तोंड आणि शेपूट कुठे जुळलं ते मला कधी सापडलं नाही. चार वर्षं त्या रोजंदारीवर होत्या. औरंगाबादच्या एका हॉटेलवाल्याने सोनेरी कडेचे बारा कप नमुन्याला मागितले होते. शेठ म्हणाले होते, “नमुना पास झाला की लस्टरचं खातं सुरू. शांताबाई परमनंट.” त्या दिवसापासून त्या मुलीच्या शाळेचं बोलू लागल्या होत्या. मुलगी अंबडला मावशीकडे राहायची. तिला इकडे आणणार होत्या.

बाटलीबरोबर इंग्रजीत छापलेला एक कागद आला होता. शेठनी तो माझ्या हातात दिला. “तुम्ही वाचा, आन् यांना बराबर समजवा.”

मी वाचला. थर पातळ हवा. ब्रश दुसऱ्या रंगात बुडवलेला नको. कपाला बोटांचं तेल लागू द्यायचं नाही. हे सगळं मी शांताबाईंना सांगितलं. त्यांनी साबणाने दोनदा हात धुतले. “लग्नाला निघाल्यावानी झालं की हो ताई,” म्हणाल्या. बारा कप त्यांनी एका बैठकीत केले.

शेवटची सूचना दगडूमामांसाठी होती. तेल जळताना धूर निघतो. तो पूर्ण जाईपर्यंत भट्टीचं भोक उघडं ठेवायचं, नाहीतर धूर आत कोंडून थर बिघडतो.

या भोकाला आमच्याकडे भट्टीचा डोळा म्हणत. मामांची रीत अशी, की माल भरला की आधी डोळा ओल्या मातीने लिंपायचा, त्यावर कुंकवाचं बोट टेकवायचं आणि मग बटण दाबायचं. कुंकू लागलं की भट्टी थंड होईपर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही. शेठसुद्धा नाही. नेहमीच्या मालाचं त्यामुळे कधी काही बिघडलं नव्हतं.

कागद घेऊन मी पोचले तेव्हा मामांनी बोट नुकतंच उचललं होतं. कुंकू ओलं होतं. बटण अजून दाबलेलं नव्हतं.

“काय पायजे ताई?”

“काही नाही,” मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं. कपांच्या कडा काळपट जांभळ्या झाल्या होत्या. शेठनी एका कडेवरून अंगठा फिरवला. सोनं अंगठ्याला लागून आलं.

“शांताबाई, हात जड हाय तुमचा. जाड फासलं.”

“न्हाई शेठ, बिलकुल पातळ लावलं व्हतं. ताईंनी सांगितलं तसंच. इचारा ताईंला.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. मी कपाकडे बघत राहिले.

“पातळच होतं,” मी म्हणाले.

“मंग असं का झालं?”

“बघावं लागेल.”

काय बघायचं होतं? कागद माझ्या पर्समध्ये होता.

शांताबाईंना माती मळायला पाठवलं. महिनाभर त्या तिथे होत्या. भेटल्या की हसायच्या, पण कामाचं काही विचारायच्या नाहीत. मग यायच्या बंद झाल्या. मुलीजवळ अंबडला गेल्या, एवढंच कळलं. मी पत्ता विचारला नाही.

पुढे लस्टरची दुसरी बाटली आली. रेघांसाठी शेठनी बाहेरचा पेंटर बोलावला होता. त्याची रेघ शांताबाईंच्या रेघेपुढे ओबडधोबड होती. कप भट्टीत गेले. शेठ शेजारी उभे होते. मामांनी मातीचा गोळा उचलला.

कारखान्यात सूचना वाचणारा एक असतो आणि भट्टी लावणारा दुसरा. दोघांच्या मध्ये जे राहून जातं त्याचा दोष तिसऱ्याच्याच माथी बसतो. हे मी तिथे शिकले, पण शांताबाईंना त्याचा काही उपयोग नव्हता.

“मामा, डोळा लिंपू नका,” मी म्हणाले. आवाज इतका मोठा निघाला की पेंटरने वळून पाहिलं. “धूर जाऊ द्या आधी. मागच्या वेळी शांताबाईंचं काही चुकलं नव्हतं, शेठ. कागदात लिहिलं होतं. मी वाचलं होतं, आणि सांगितलं नाही.”