दीसाचा दगड

थोरदीसने आयुष्यात कधी कोणाचं ऐकून घेतलंय, असं गावात कोणी म्हणणार नाही. मासे कापायच्या कारखान्यात तिची हयात गेली आणि तिथला मुकादमसुद्धा तिला वचकून असे. त्या सकाळी मात्र माउस कसा धरायचा, ते ती चक्क निमूटपणे ऐकून घेत होती.

ती जन्मली त्या दरीतलं शेवटचं घरही कधीच ओस पडलं होतं. नकाशावाल्यांनी आता ड्रोनने दरीचे फोटो काढले होते आणि जुन्या माणसांना सांगितलं होतं, ओढा, कडा, टेकाड, ज्याचं नाव आठवेल ते फोटोवर लिहा. मूळ फोटोला धक्का लागत नसे. प्रत्येकाची नावं वर ठेवलेल्या काचेसारखी वेगळ्या थरावर बसत, आणि एकाचा थर दुसऱ्याला दिसत नसे. दोघांनी एकाच जागी एकच नाव लिहिलं, तर ते काळं होऊन नकाशात जाणार. एकट्याचं नाव पिवळं राहणार, म्हणजे गेलंच.

दरीतली माणसं उरली होती दोनच: ती आणि आकुरेरी शहरात राहणारा तिचा थोरला भाऊ हाल्फदान.

ती जन्मली तेव्हा बापाने एका दगडाला तिचं नाव दिलं, असं आई सांगायची. कोणता दगड, ते आईलाही ठाऊक नव्हतं. हाल्फदान तर जन्मभर चिडवत आला होता, "कसला दगड नि कसलं काय!" तरी थोरदीसने ओढ्याच्या अलीकडच्या एका मोठ्या दगडावर ठासून लिहिलं, 'दीसाचा दगड'; घरात तिला दीसाच म्हणत. भावाला आधी फोन करणं नियमात बसत नव्हतं, आणि तिच्या स्वभावात तर मुळीच नाही.

नकाशाचं काम बघणारी स्टेनवोर कॉफी संपवून म्हणाली, "आजी, उघडू दोन्ही थर?"

"विचारतेस काय? उघड!"

तिकडे हाल्फदानही आपल्या स्क्रीनसमोर बसला होता. भराभर काळी नावं उमटू लागली. थोरदीस लहान मुलीसारखी टाळ्या पिटत होती. मग तिची नजर ओढ्याकडे गेली. तिचा दगड पिवळाच होता. तिचा चेहरा खर्रकन उतरला.

"आजी, पलीकडे बघा!" स्टेनवोर ओरडली.

ओढ्यापलीकडे, एका बुटक्या दगडावर, पिवळ्याच अक्षरांत लिहिलं होतं: 'दीसाचा दगड'.

तेवढ्यात फोन वाजलाच.

"दादा! मेल्या, जन्मभर म्हणत आलास दगड नाहीच म्हणून!"

"तू चिडायचीस ना, मजा यायची. पण दीसे, तुझी जागा चुकली."

"तुला काय माहीत?"

"तू झालीस त्या सकाळी बाबांनी मला खांद्यावर घेऊन ओढा ओलांडला. म्हणाले, आता तू एकटा नाहीस. हा तिचा दगड."

थोरदीसच्या डोळ्यांना धारा लागल्या आणि तिला हसूही आवरेना. तिने आपलं नाव माउसने उचललं, ओढा ओलांडून भावाच्या नावावर नेऊन ठेवलं. ते काळं झालं.

"शनिवारी गाडी काढ, दादा. मला त्याला हात लावायचाय."

"अगं, ओढ्याला पाणी असेल."

"मग मला खांद्यावर घे!"