बदली येईपर्यंत

"भुतांनाही नियम असतात," असं त्या म्हणायच्या आणि म्हणताना हातातला चमचा नातीच्या तोंडापाशी थांबायचा. नात आ करून बसायची. नियम ऐकल्याशिवाय घास मिळत नसे.

न्यूझीलंडमध्ये रिकार्टनला काकू आमच्या शेजारी राहायच्या. अशा आज्या तुम्हीही पाहिल्या असतील: सलवार-कमीजवर सुनेचं पफर जॅकेट आणि पुढे स्ट्रोलर. मीही त्यांना त्यातलीच एक समजत होते. मग एकदा कोपऱ्यावरच्या डेअरीत, म्हणजे इथल्या किराणा दुकानात, त्या चिनी मालकिणीशी घडाघडा चिनी बोलायला लागल्या आणि मी दुधाची बाटली हातात धरून बघतच राहिले. पुण्यात त्यांनी जन्मभर चिनी शिकवलं होतं. जुन्या चिनी भुताखेतांच्या कथा मराठीत आणायचं काम अर्ध्यावर होतं. शब्दकोश मात्र पुण्यातच राहिले. बॅगेत त्यांच्या जागी भाजणी आणि मेतकूट आलं.

नातीला त्या ह्याच कथा सांगायच्या. सुंदर बाईचं रूप घेणारी कोल्हीण इथे अडली, कारण न्यूझीलंडमध्ये कोल्हेच नाहीत.

"तिच्या जागी इथला तो झाडावरचा केसाळ पोसम घालून बघितला," काकू म्हणाल्या, "पण पोसमशी लग्न कोण करणार गं?"

"देन व्हॉट, आजी?" नातीला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

मला आवडायची बुडालेल्या माणसाची गोष्ट. नदीत बुडून मेलेला तिथेच अडकतो. त्या जागी बदली म्हणून दुसरं कुणी बुडालं, तरच ह्याची सुटका. भूत वाट बघत राहतं. शेवटी एक तेलविक्या पाण्यात उतरतो. भूत त्याचा पाय धरतं आणि सोडून देतं.

"का सोडलं?" मी विचारलं.

"वर्गातही सगळे हेच विचारायचे. मी आपलं 'दया' म्हणून पुढे जायचे."

काकूंचीही बदली ठरलेली होती. सहा महिने ह्या, मग सुनेची आई. इथे घरोघरी विहिणींची अशी पाळी लावलेली असते. मुलगा-सून कामावर गेले की काकू नातीबरोबर दिवसभर घरात. गाडी चालवता येत नव्हती, थंडीत बाहेर पडवत नव्हतं. एकदा म्हणाल्या, "मला कुणी त्रास देत नाही गं. म्हणून तर ओरडताही येत नाही." मला फार वाईट वाटलं.

माझ्या सुट्टीच्या दिवशी मी त्यांच्याकडे बसले असताना नागपूरहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. बॅग उघडी होती आणि मागे पलंगावर त्यांची म्हातारी आई.

"आई माझ्याच हातून जेवते हो," विहीणबाई म्हणाल्या. "पण भाऊ बघेन म्हणतोय. ठरल्याप्रमाणे येते मी."

काकूंनी मागच्या पलंगावरच्या म्हातारीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "नका येऊ. मला इथे छान करमतं."

फोन बंद झाल्यावर मी भडकलेच. "काकू, धडधडीत खोटं! पुण्याचं काय? पुस्तकाचं काय?"

त्या नातीचं जाकीट घडी करत होत्या.

"विहिणीचा पाय ओढवेना गं मला," म्हणाल्या.

पुढे मला वेलिंग्टनला नोकरी लागली. निघायच्या दिवशी गाडीत सामान भरून मी त्यांना हाक मारली. त्या सपाता घालून बाहेर आल्या आणि लेटरबॉक्सपाशी थांबल्या.

"या ना गाडीपर्यंत," मी म्हटलं.

"पिल्लू आत झोपलंय. इथवरच येता येतं."

मग मीच गेले, त्यांना घट्ट मिठी मारली. गाडी सुरू केली. घरातून पिल्लाच्या रडण्याचा आवाज आला असावा, कारण निरोपाचा हात पुरता वर जायच्या आधीच त्या घराकडे वळल्या होत्या.