दाढेतला बोगदा

आधी चहा संपवा, मग सांगते. नाहीतर हसताना ठसका लागेल आणि त्याचंही पाप माझ्याच माथी.

तर, आमच्या गार्गीला पहिल्यांदाच दातांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. वय वर्षं सहा. आदल्या रात्री झोप नाही. तिला नव्हे हो, मला. लहानपणी कल्याणला माझी दाढ काढली, तेव्हा मला दोघांनी धरून ठेवलेलं. ते कसं विसरणार?

पण डोंबिवलीतल्या या दवाखान्यात सगळंच निराळं. डॉक्टर मॅडमनी पेनाएवढा कॅमेरा काढला. गार्गीने ओठ घट्ट मिटले.

"बरं, आधी आईचे दात बघूया," म्हणत मॅडमनी तो माझ्याच तोंडात घातला. समोरच्या टीव्हीवर माझे दात दिसत होते म्हणे. म्हणे, कारण मी डोळे गच्च मिटून बसलेले. गार्गी मात्र खिदळली, "आई, तुझी जीभ केवढी आहे." आणि आपणहून तिने आ केला. पाच मिनिटांत काम संपलं.

"फोटो मोबाइलवर पाठवते. सावकाश बघा," मॅडम म्हणाल्या.

सावकाश? मी?

संध्याकाळी गार्गीच्या नावाने मेसेज आला. पहिलाच फोटो उघडला आणि तिथेच अडकले. पडद्यावर एकच दाढ, आणि तिच्यात पारसिकच्या डोंगरात रेल्वेचा आहे तसा काळाकुट्ट बोगदा. तो तसाच नवऱ्याला पाठवला. "बघ तुझ्या मुलीचे दात."

त्याचं उत्तर आलं, "ही आपलीच आहे ना?"

मग माझ्या अंगात आलं. बिस्किटं माळ्यावर गेली. गार्गीला दिवसातून तीनदा ब्रश, आणि बाथरूमच्या दारात मी कमरेवर हात ठेवून उभी.

आता खरी चूक ऐका. गार्गी शाळेतून आली की सासूबाई तिच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवतात. दोघी गॅलरीत बसून खातात, शाळेतल्या चहाड्या तिथेच होतात. मी म्हटलं, "आई, उद्यापासून गूळ बंद."

फोटो दाखवला. त्यांनी मोबाइल हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "माझ्यामुळे झालं का गं हे?"

नाही म्हणायला काय जात होतं माझं? पण मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे काय, ते घरातल्या बाईला बरोबर कळतं. त्यांनी गुळाचा डबा उचलून कपाटात ठेवला. चार दिवस गार्गी तशीच गॅलरीत जायची, तशीच परत यायची. सासूबाईंनी स्वतःही गूळ तोंडात घातला नाही.

पाचव्या दिवशी मी गार्गीला घेऊन दवाखान्यात. "मॅडम, रूट कॅनल करावं लागेल का हो? एवढ्याशा जिवाला?"

"कुणाला?"

मी फोटो दाखवला. मॅडमनी फोटो बघितला, मग माझ्याकडे. "तुम्ही खालचं वाचलं नाहीत का?"

बोटाने मेसेज खाली सरकवला. तिथे स्वच्छ मराठीत लिहिलेलं: गार्गीचे दात एकदम छान. पहिला फोटो आईचा आहे, कीड लवकर दिसली आहे, भरायला या.

खुर्चीत मी बसले. गार्गीने माझा हात धरला. "आ कर आई. दुखत नाही, मी आहे ना."

खरंच दुखलं नाही. बोगदा म्हणजे तिळाएवढा ठिपका निघाला, पडद्यावरच तेवढा मोठा. कॅमेरा नसता, तर गाल सुजल्यावरच कळलं असतं. त्या पेनाएवढ्या यंत्राचे आणि त्या मॅडमचे उपकार मी विसरणार नाही. माझ्या लेकीला माझी भीती वारशात मिळाली नाही, ही तर त्यांचीच कृपा.

घरी येऊन सासूबाईंसमोर उभी राहिले. "आई, ती दाढ माझी होती. चुकलं माझं."

त्यांनी कपाटातून डबा काढला. एक खडा गार्गीच्या हातावर, एक स्वतःच्या तोंडात. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. मीही हात पुढे केला.

डब्याचं झाकण लागलं.

"तू आधी ब्रश कर," त्या म्हणाल्या. आणि बाथरूमच्या दारात जाऊन, कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.