मागच्या टीव्हीवर दिसलेला बांध

या पानावर लोक आपापले अनुभव लिहितात ते मी नेमाने वाचतो. बहुतेक वेळा वाचून हसतो. माझा असल्या गोष्टींवर कधीच विश्वास नव्हता आणि आजही आहे असं मी म्हणणार नाही. मी बी.एस्सी. आहे, फिजिक्स घेऊन. आमच्या अख्ख्या आळीत कॉलेजची पायरी चढलेला पहिला मी. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढचं वाचून कोणी मला अडाणी म्हणू नये.

आमचं गाव वडखळच्या नाक्यावरून आत, खाडीला लागून. नाव लिहीत नाही, गावात अजून नातेवाईक आहेत. बाबा उन्हाळ्यात मिठागरावर जायचे आणि पावसाळ्यात आमच्या तुकड्यात भात लावायचे. मिठागराचं काम ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगून कळणार नाही... बाबांच्या टाचांना भेगा इतक्या खोल होत्या की आई त्यात मेण वितळवून ओतायची. मी लहान असताना एकदा खाडीचा बांध फुटला आणि खारं पाणी शेतात शिरलं. एकदा खारं पाणी शिरलं की दोन-तीन पावसाळे ती जमीन काही देत नाही. तेवढी वर्षं आम्ही रेशनच्या तांदळावर काढली आणि माझी थोरली बहीण शाळा सोडून मिठागरावर गेली. तिची शाळा सुटली म्हणून मी शिकलो.

म्हणून आमच्याकडे बांध म्हणजे घरातल्या माणसासारखा. त्याची डागडुजी गावाने मिळून करायची, घरटी एक माणूस द्यायचा. त्याला आम्ही जोळ म्हणतो.

डिग्री झाल्यावर मी रोह्याजवळच्या धाटावच्या कंपन्यांमध्ये चकरा मारल्या. पर्मनंट कोणी करेना. मग मुंबईला एका ओळखीच्याकडे राहून डिश अँटेना बसवायचं काम शिकलो आणि पेणला एक गाळा घेतला. नव्वदच्या दशकाचा मधला काळ... घराघरात केबल येत होती, दिवसाला कुठे ना कुठे गच्चीवर चढायचो. बाबा सगळ्यांना सांगायचे, “आमचा पोरगा आकाशातना चित्रं उतरवतो.”

त्याच सुमाराला रोह्याच्या पुढे नव्या रेल्वेलाइनचं काम चालू होतं. तिथल्या एका ठेकेदाराच्या इंजिनियरने मला बोलावलं. त्यांनी लिलावात घेतलेली एक जुनी बस आतून सगळी सोलून चालतं घर केलं होतं – पुढे बसायला सोफा, मध्ये पार्टिशन टाकून साहेबांची केबिन, मागे ड्रायव्हर आणि स्वयंपाक्यासाठी बाकडी. काम पुढे सरकलं की बसही पुढे सरकायची. साहेबांना या बसमध्ये डिश हवी होती आणि तीन टीव्ही – सोफ्यासमोर एक, केबिनमध्ये एक आणि मागे एक. मुंबईहून मोठे साहेब मुक्कामाला येणार होते, त्याच्या आत.

“तिन्हीवर वेगवेगळं चॅनल दिसेल ना?” इंजिनियरसाहेबांनी विचारलं.

“नाही साहेब. रिसीव्हर एक. तुम्ही जे लावाल ते तिन्हीकडे दिसणार.”

“म्हणजे आम्ही इंग्रजी बातम्या बघायच्या आणि यांनीही त्याच बघायच्या!” ड्रायव्हरकडे बोट दाखवून ते हसले. ड्रायव्हरचं नाव हसनभाई. रोह्याचाच माणूस, पन्नाशीचा, तोंडात कायम पान.

“बगू की,” हसनभाई म्हणाले, “तेवडाच आमचा पन इंग्लिश सुदारल.”

दसरा होऊन गेला होता. पौर्णिमा होती. हे लक्षात आहे, कारण पौर्णिमेला आमच्याकडे भर दुपारी उधाण येतं आणि खाडीकाठचा कोणताही माणूस ही गोष्ट विसरत नाही. सकाळी लवकर मी मोटारसायकलवर रोह्याला पोचलो. आदल्या दिवशी वायरिंग करून ठेवलं होतं. डिश बसच्या टपावर ठेवायची नाही असं मी ठरवलं होतं, वाऱ्याने हलली तर चित्र जातं. बसच्या शेजारी जमिनीवर लोखंडी स्टँड रोवला, त्यावर आठ फुटी जाळीची डिश चढवली आणि पूर्वेच्या अंगाला, थोडी दक्षिणेकडे वळवून सिग्नल शोधायला लागलो. मी बाहेर, हसनभाई आत टीव्हीसमोर.

“आला... आला... गेला! अवो, आलेला घालवलात!”

“आता?”

“मुंग्या. नुसत्या मुंग्या... थांबा! बाई दिसली! गाती पन हाय!”

नट आवळले. पुढचा टीव्ही स्वच्छ लागला. केबिनमधलाही लागला. मागच्या टीव्हीची वायर अजून जोडायची होती, तिचं टोक सोलून मी बाकड्यावर ठेवलं होतं. पिन लावायची राहिली होती. हे मी पुन्हा लिहितो – मागच्या टीव्हीला वायर जोडलेलीच नव्हती. फक्त लाईटचा प्लग लावून तो चालू होतो का एवढं बघितलं होतं.

हसनभाई चहा ठेवायला मागे गेले आणि तिथूनच त्यांनी हाक मारली. “ओ मास्तर, हे काय लावलंत मागं?”

“काही नाही लावलं अजून.”

“या तर खरं.”

मी गेलो. टीव्हीवर चित्र होतं. रंग नव्हते, सगळं राखाडी, मुंग्या भरपूर. पण चित्र होतं. पाण्याच्या पलीकडे मातीचा लांब बांध, खाली तिवरांची झुडपं, एका बाजूला बांधातून पाणी सोडायची उघाडी, तिचा लाकडी दरवाजा. आवाज बिलकुल नाही. पहिल्यांदा माझ्या डोक्यात आलं की कुठल्या तरी शेतीच्या कार्यक्रमाचं चित्र भटकत आलं असेल. अँटेनाशिवायही टीव्ही जवळचं काहीतरी पकडतो कधीकधी. मग मी उघाडी नीट बघितली. दरवाजाची एक फळी बाकीच्यांपेक्षा आखूड होती. ती आखूड फळी आमच्याच गावच्या उघाडीला आहे.

बांधाच्या उतारावर, पाण्याच्या बाजूला, एक माणूस पाठमोरा उभा होता. गुडघाभर पाण्यात. चिखलाचा गोळा उचलायचा, बांधात कोंबायचा आणि डाव्या टाचेने दाबून अर्धा वळायचा... बाबा तसंच करतात. मिठागरावर बांध घालताना लागलेली सवय, शंभर माणसांत ओळखेन मी.

“कोन हाय तो?” हसनभाई म्हणाले.

पडद्यावरचं पाणी वर चढत होतं. बांधाच्या माथ्यावर दुसरा एक माणूस आला. पॅन्ट-शर्ट, खांद्यावर पिशवी. चेहऱ्याच्या जागी नुसत्या मुंग्या. तो खाली उतरायला लागला, त्याने उतारावर पाय टाकला आणि बांधाचा तेवढा तुकडा सुटून पाठमोऱ्या माणसावर आला. आवाज काही नाही. पाणी आत घुसलं आणि पडदा पांढरा झाला.

मी वायरचं टोक हातात घेऊन बघितलं. मोकळंच होतं.

पिशवी खांद्याला लावून मी बाहेर पडलो तर समोर इंजिनियरसाहेब. “अहो, कुठे? मोठे साहेब दुपारी येतायत, अजून एक टीव्ही राहिलाय!”

“घरी जाऊन येतो साहेब.”

“काय झालं घरी? फोन आला?”

फोन कुठून येणार, बसमध्ये फोन नव्हता आणि गावातही नव्हता. काय सांगणार होतो मी त्यांना? “वडिलांचं काम आहे,” म्हणालो आणि किक मारली. मागून ते ओरडत होते, “अर्धवट सोडून गेलात तर पुढचं काम दुसऱ्याला देईन!” खरंच देतील असं वाटत होतं. तरी थांबलो नाही.

नागोठण्यापर्यंत मी स्वतःला शिव्या घातल्या. बी.एस्सी. झालेला माणूस, वायर न जोडलेल्या टीव्हीवर काहीतरी बघून पळत सुटलाय! बाबा घरी ओटीवर बसलेले असतील, मला बघून हसतील. जोळ तर दुसऱ्या दिवशी होती, आईने मागच्या आठवड्यातच सांगितलं होतं. पण रस्त्यावरून जिथे जिथे खाडीचा फाटा दिसला तिथे पाणी भरत चाललेलं होतं, आणि मी गाडी आणखी पिळत होतो. नाक्यावर ट्रकांची रांग लागली होती, तिच्या कडेने चिखलातून काढली.

घराला कडी. शेजारची हिराकाकी अंगणात मासळी वाळत घालत होती.

“काकी, बाबा कुठे?”

“आलास गो बाय, टीव्हीवाला सायेब!” मला चिडवायचं असलं की ती मला मुलीसारखी हाक मारायची. “तुजी आय बाजारला गेली हाय नि बापूस बांदावर. शेतात पानी पाझरतंय बोलला. मी बोलले, उद्या जोळ हाय, सगली जानार हायेत, उद्या बगा. आयकतो कुनाचा? भात निसवलाय, लोंब्या भरल्यात बोलतो, उद्यापरयंत कोन थांबल?”

“एकटे गेले?”

“मग? सगली पुरुषमानसा कामाला गेलीत. काय रं, तुजा तोंड असा का झालाय?”

मी धावत सुटलो. पळता पळता ओरडलो, “काकी, जी माणसं मिळतील ती घेऊन या! पेंढा घेऊन या!” ती मागून काहीतरी बोलली, पण मग तिची हाक वाडीत घुमलेली मला ऐकू आली.

बांधावर चढलो. उघाडीच्या उजव्या हाताला, तिवरांत, बाबा. गुडघ्याच्या वर पाणी. खेकड्यांनी पोखरून केलेल्या भगदाडात चिखल कोंबत होते. टाच, अर्धं वळण, पुन्हा गोळा. मी त्यांच्या डोक्यावर येऊन पोचलो आणि उतरायला पाय उचलला.

आणि मला माझा पाय दिसला. पॅन्ट. खांद्यावरची पिशवी. ती पिशवी घेतलेला माणूस कोण, हे मला तोपर्यंत सुचलंच नव्हतं.

मी तसाच थिजलो. नकळत खाडीकडे बघितलं... ते चित्र जिथून दिसत होतं तिकडे. भर खाडीचा मध्य. नाव नाही, खांब नाही, काही नाही. सपाट पाणी आणि त्यावर ऊन.

“अरे, तू हिकडं कसा?” बाबांनी मान वर केली. “बरा झाला आलास. ये खाली, हात लाव.”

“बाबा, तुम्ही वर या.”

“आता? पानी बग किती चढलंय. ये बोलतो ना!”

“मी उतरणार नाही. तुम्ही या. आत्ताच्या आत्ता.”

बाबांनी माझ्याकडे असं बघितलं की आजही आठवलं की मान खाली जाते. “पॅन्ट खराब व्हईल काय? बीएस्सी झालास नि चिखलाला भ्यालास?”

मी पिशवी मागे शेताकडे फेकली, बांधाच्या माथ्यावर पालथा पडलो आणि हात खाली सोडला. “शिव्या वर येऊन द्या. आधी हात धरा.”

“भगदाड सोडून?”

“बाबा!”

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. त्यांनी हातातला गोळा टाकला, बडबडत माझा हात धरला. मी ओढलं. त्यांचा गुडघा माथ्याला टेकला तेवढ्यात माझ्या छातीखालची माती हलली. आम्ही दोघे मागे सरकलो आणि उताराचा मोठा लगदा, मी जिथे पाय ठेवणार होतो तिथूनच, भस्सकन खाली गेला. बाबा उभे होते ती जागा गाडली गेली. वर पाणी वळलं आणि बांधाला खांड पडली.

बाबांनी एकदा खाली बघितलं, एकदा माझ्याकडे. मग म्हणाले, “पेंढा आन.”

पेंढा आलाच होता. हिराकाकी सगळ्यांच्या पुढे, डोक्यावर भारा, मागे पेंढा-बांबू घेऊन आठ-दहा बायका आणि दोन-तीन म्हातारे. आम्ही आतल्या, शेताच्या बाजूने बांबू ठोकले, पेंढा आणि चिखल हातोहात पोचवत गेलो. काकी ओरडत होती, “सायेबाचा शर्ट बगा गो, आता खरा आमचा दिसतोय!” पाणी मधेच इतकं वर आलं की मला वाटलं, गेलं सगळं. मग ते तिथेच थांबलं. आणि हळूहळू उतरायला लागलं.

संध्याकाळी बाबांनी एकदाच विचारलं, “तुला कसा कलला?” मी जे झालं ते सांगितलं. ते पाय चोळत बसले होते. “टीव्हीत माजी पाठ दिसली?” म्हणाले. “बरा. कोना कोनाला सांगू नको. काम मिलायचा नाय.”

दुसऱ्या दिवशी रोह्याला गेलो तेव्हा हसनभाईंनी पहिल्यांदा वडिलांची चौकशी केली. मी त्यांना विचारलं, काल तुम्ही काय बघितलंत? बांध बघितला, पाण्यातला माणूस बघितला, माती पडली ती बघितली, म्हणाले. आणि दुसरा माणूस?

“दुसरा कोन? एकच होता की.”

मी तीन-तीनदा विचारलं. ते पान थुंकून शांतपणे म्हणाले, “मास्तर, माजी नजर चांगली हाय. गाडी चालवतो मी. वरती कोनी नव्हता.”

नंतर मी पुष्कळ डोकं चालवलं. भटका सिग्नल म्हणावा, तर तो पाठवायला कोणीतरी कॅमेरा लावून पाण्यात उभा हवा, आणि जे सकाळी दिसलं ते तर दुपारी घडायचं होतं. भास म्हणावा, तर दोघांना कसा झाला, आणि झाला तर दोघांना वेगळा का? मी ते बघितलं नसतं तर मी बांधावर गेलोच नसतो, मग मला त्या चित्रात कोणी घातलं? कॉलेजमधल्या माझ्या सरांना विचारलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाले, “वायर खरंच सुटी होती?” मी हो म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

मागच्या टीव्हीला मी रोह्याला परत गेलो त्या दिवशीच पिन लावली. इंजिनियरसाहेब रागावले होते, पण पुढच्या दोन बसचं कामही त्यांनी मलाच दिलं. त्या वर्षी आमच्या शेतात खारं पाणी शिरलं नाही, आणि दिवाळीनंतर बाबांनी सगळं भात स्वतःच्या हाताने कापून घरात आणलं.