कादंबरीची आणेवारी

आपली कादंबरी कोणी वाचत नाही, अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. आमच्या मंठ्यात सत्कार झाले, पण सत्कार करणारे शाल घालतात आणि भाषणात पुस्तकाचं नाव चुकवतात. मग मुलीला स्थळ आलं आणि भोकरदनच्या एका घरात आजोबांपासून आत्यापर्यंत सगळ्यांनी माझं पुस्तक वाचून काढलं. सोयरीक करायची तर आपल्याकडे शेजाऱ्याला, किराणावाल्याला विचारून घराची माहिती काढतात. इथे मुलीच्या बापानेच ती छापून ठेवली होती.

त्या कादंबरीचा नायक 'मी' म्हणून बोलतो. तो बाजार समितीत हिशेब लिहितो, मीही लिहितो. तो रोज पितो, भावाशी बांधावरून भांडतो आणि बायकोशी महिना महिना बोलत नाही.

मुलगी आणि भोकरदनचा तो मुलगा संभाजीनगरला एकाच कंपनीत. दोघांचं ठरलेलंच होतं, फक्त थोरांचा होकार राहिला होता. पाहुणे येण्याआधी तिने मला बजावलं, "पप्पा, साहित्यावर बोलू नका."

मुलाचे वडील निवृत्त तलाठी. त्यांनी पोहे संपवले आणि साहित्यावरच आले.

"पाहुणे, पुस्तक चांगलं हाय. पण तुमचं पिणं किती?"

"मी पीत नाही. ते पात्र पितं."

"पात्राला पाजलं कोणी?"

सगळं कल्पित आहे, एवढं म्हटलं असतं तर सुटलो असतो. आतल्या दारात उभी राहून मुलगी नजरेने तेच सांगत होती. पण खोटी नोंद माझ्या हातून होत नाही. म्हणालो, "सगळंच काही खोटं नाही."

"मंग आणेवारी सांगा. मी जिंदगीभर पिकाची काढली. सोळा आण्यांत खरं किती?"

"दारू शून्य. बांधाचं दोन आणे, तेही मिटलं."

"आन् बायकोशी न बोलणं?"

चहा घेऊन आलेली बायको म्हणाली, "ते सोळा आणे खरं हाय. लिहायला बसले की घरात माणसं हायेत हे ध्यानातच राहत न्हाई यांच्या."

तलाठी मोठ्याने हसले. "पिऊन गप्प बसत न्हाईत ना? मंग आमची काही तक्रार न्हाई. पोरगी पसंत. पण एक अट. आमच्या घरातलं पुस्तकात बिलकुल यायला नको." आणि काय यायला नको ते मला नीट कळावं म्हणून त्यांनी आपल्या धाकट्या भावाची गोष्ट पहिल्यापासून सांगितली: दोन संसार, एक विहीर, आणि पंचायतीत निघालेली वाटणी. चहा दोनदा झाला.

मुलगी माझ्याकडेच बघत होती. मी मान डोलावली.

नव्या कादंबरीला विषय सापडत नाही म्हणून मी तीन वर्षं कुढत होतो. तो त्या दुपारी घरी चालत आला, आणि मी त्याला बैठकीतूनच निरोप दिला.