याडीच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि माझी रडबंदी

माझ्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन अगदी सोपं होतं. मी सोबत नसतो तर आणखी सोपं झालं असतं.

आईला आम्ही याडी म्हणतो. आमचा बंजाऱ्यांचा तांडा उमरखेडकडचा, आणि तांड्यातला पहिला बी.ए. मी. याडीने दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचून मला शिकवलं, त्यामुळे तिच्या बाबतीत मी जरा जास्तच जबाबदारीने वागतो. (हे ‘जरा’ माझं. बायकोचा शब्द वेगळा आहे.)

याडी चालताना दारांच्या चौकटींना धडकायला लागली, तेव्हा तिला यवतमाळला दाखवलं. मोतीबिंदू होताच, शिवाय काचबिंदू निघाला. डोळ्यातलं पाणी नीट बाहेर जात नाही, दाब वाढतो आणि कडेची नजर हळूहळू मरते. गेलेली परत येत नाही, उरलेली वाचवायची. डॉक्टर म्हणाले, “मोतीबिंदू काढतानाच एक नळी आत बसवू. तांदळाच्या कणीहून लहान. मोठी चिरफाड नाही.”

मी हे याडीला शास्त्रीय भाषेत समजावू लागलो. तिने मध्येच थांबवलं.

“वावरात पानी तुंबलं का चर काढते, तसंच ना?”

“तसंच, पण...”

“मंग एवढं कायले सांगून राह्यला?”

ती तयार झाली, पण एका अटीवर. “एकडाव येईन. परत पाठवलं तं पुन्हा येनार नाही!” इकडे डॉक्टरांनी बजावलेलं, की त्या दिवशी बीपी वाढलं तर ऑपरेशन पुढे जाईल. पेशंटला शांत ठेवा.

शांत! आमच्याकडे! आमच्या बायका बऱ्याच दिवसांनी भेटल्या की एकमेकींच्या गळ्यात पडून, सूर लावून रडतात. दुःख असायलाच पाहिजे असं नाही. गेलेल्यांची नावं घेतात, माहेर आठवतात, मग डोळे पुसून चहा पितात. रीतच आहे ती. आणि ऑपरेशनच्या सकाळी याडीच्या दोघी बहिणी, हिरामावशी आणि शेवंतामावशी, पहिल्या एसटीने येणार होत्या!

मी त्यांना दवाखान्याच्या गेटवरच गाठलं.

“मावशी, आत गेल्यावर रडायचं नाही.”

“काहून?” हिरामावशी दचकली. “गेली का काय ते?”

“शुभ बोल! तिचं बीपी वाढते. गळ्यात पडायचं नाही, सूर लावायचा नाही. नुसतं हसायचं.”

शेवंतामावशी बहिणीला म्हणाली, “पोरगं शिकेल हाये, बाई. म्हनते तं असन.”

याडी पलंगावर हात पसरून तयारच बसली होती. मावश्या समोरच्या बाकावर टेकल्या आणि हसल्या. (तसं हसू फक्त निवडणुकीच्या बॅनरवर असतं.) याडीचे हात हळूहळू खाली आले.

“काय झालं वं? तांड्यात कोनी गेलं का?”

“कोनी नाही, बाई.” हसू तसंच.

“मंग मीच चालली का? डॉक्टरनं तुमाले काही सांगतलं का?”

दोघींनी माझ्याकडे पाहिलं. मी आणखी हसायची खूण केली. त्या आणखी हसल्या!

तेवढ्यात सिस्टर बीपी घ्यायला आल्या. पट्टा फुगवला, आकडा पाहिला, पुन्हा फुगवला. “अहो, काल तर छान होतं! एवढं नाही चालणार.” त्या डॉक्टरांना बोलवायला धावल्या आणि याडी पलंगाखाली चप्पल शोधू लागली. “चाल रे घरी. मरायचंच हाये तं तांड्यात मरीन.”

ही आज गेली तर परत येणार नव्हती, आणि तिची उरलेली नजरही जाणार होती.

डॉक्टर आले. “काय त्रास होतोय, आई?”

“माह्या सख्ख्या बहिनी आल्या अन् कोनी गळ्यात पडलं नाही! कायतरी लपवून राह्यले हे.”

हिरामावशी उसळली. “यानं बंदी केली, साहेब! मले तं गेटपासून दाटून येऊन राह्यलं!”

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी बारीक आवाजात म्हणालो, “सर, बीपी...”

“अहो, रडू द्या त्यांना! आई, आत्ता पोटभर रडून घ्या. ऑपरेशननंतर मात्र डोळे चोळायचे नाहीत.”

मग काय! तिघी अशा रडल्या, की बाहेरची माणसं हातातला चहा टाकून धावत आली. आजोबांपासून मेलेल्या बैलापर्यंत कोणाचं नाव सुटलं नाही. कळंबचा एक पेशंट “मी हाये तसाच बरा” म्हणत उठला. त्याला मी शास्त्रीय भाषेत समजावलं, तेव्हा तो पळालाच! (सिस्टरने त्याला जिन्यावरून परत आणलं.) शेवटी तिघींनी पदराने नाक पुसलं. सिस्टरने पट्टा लावला. बीपी उतरलं होतं!

याडी आत गेली आणि मावश्यांचा चहा होतो न होतो तोच बाहेर आली. नळी बसली. पुढच्या तपासणीत डोळ्याचा दाबही उतरला होता. मी गहिवरून डॉक्टरांच्या पाया पडलो. ते म्हणाले, “काचबिंदू घराण्यात चालत येतो. तुमचीही नजर तपासून घ्या.”

तपासणी अशी, की यंत्रात तोंड घालून बसायचं आणि आत ठिपका चमकला की बटण दाबायचं. मी परीक्षांच्या जोरावर वर आलेला माणूस. एकही उत्तर सुटू नये म्हणून ठिपका दिसो न दिसो, बटण दाबत राहिलो!

निकालाचा कागद पाहून डॉक्टर हसू लागले.

“काय निघालं, सर?”

“काहीच सांगता येत नाही. मशीन म्हणतंय, या माणसाच्या उत्तरांवर भरवसा ठेवू नका.”

याडी शांतपणे म्हणाली, “त्याच्यासाठी मशीन कायले लागते, साहेब? मले इचारलं असतं.”